खुशालची लांब नळी

गिरडजवळच्या वावरात खुशालने यंदा टोमॅटो लावले होते, आणि दिवस कलला की रोही, म्हणजे नीलगायी, त्यांच्यावर तुटून पडत. त्यांना इजा न करता पळवायचं म्हणून त्याने जाम गावातल्या एका बंद पडलेल्या खेळाच्या मैदानावरून रंगाच्या गोळ्या मारणारी पेंटबॉलची बंदूक आणली. गोळी दूर जावी म्हणून तिची वीतभर नळी काढून हातभर प्लॅस्टिकचा पाइप बसवला.

त्या संध्याकाळी कळप वाफ्यात शिरला. खुशालने बांधावरूनच चाप ओढला. गोळी ढिल्या पाइपात खडखडली, हवा तिच्या बाजूने निसटली आणि गोळी अर्ध्या वाटेतच पडली.

"दमली का जी गोळी?" त्याची बायको अन्नपूर्णा दबक्या आवाजात म्हणाली. "जुनीच नळी लावा. तिच्यात घट्ट बसते."

"तिच्यानं लय जवळ जा लागते. नर मोठा हाय."

"मंग टमाटे त्यालेच खाऊ द्या."

खुशालने खिशातली जुनी नळी फिरवून बसवली आणि ओणवा होऊन सरीतून पुढे सरकला. नराने मान वर केली. त्याचा श्वास ऐकू येऊ लागला, तेव्हा खुशालने चाप ओढला. नराच्या मागच्या पुठ्ठ्यावर पिवळा डाग फुटला. नर वळला, खुशालकडे बघत राहिला, आणि मग कुंपणावरून उडी मारून गेला. कळपही त्याच्यामागे गेला.

खुशाल सरीतच बसला. अन्नपूर्णाने लांब पाइप उचलला आणि वाकलेल्या टोमॅटोच्या झाडाला आधार म्हणून मातीत खोचला.