झाडूच्या पुढे एर्मेलिंदा

आमच्या गोंदेय गावात सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी सायकलींची फेरी निघते. लिमा नदीच्या उजव्या काठाने वर जायचं, दगडी पुलावरून पलीकडे व्हायचं, सांता जुस्ताच्या देवळाचा चढ चढायचा आणि डाव्या काठाने द्राक्षांच्या मांडवांखालून उतरत, खालच्या पुलावरून घरी यायचं. ही शर्यत नाही, असं क्लबचा अध्यक्ष एव्हारिस्तो दर वर्षी माइकवरून बजावतो. मग शिट्टी वाजली की सगळ्यांच्या आधी तोच जीव खाऊन पॅडल मारत सुटतो.

पहिला कोण आला हे सोमवारी कुणाला आठवतही नाही. शेवटी कोण येणार हे मात्र शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. एर्मेलिंदा. कारण झाडूची गाडी ती चालवायची.

फेरीच्या अगदी शेवटी एक जुनी पांढरी गाडी असते आणि तिच्या मागच्या दाराला रानझुडपाच्या काड्यांचा खराखुरा झाडू उभा बांधलेला असतो. ज्याचे पाय गळाले त्याला ही गाडी उचलून आणते. झाडूच्या पुढे राहून जो पोचला तो आला, झाडूने ज्याला मागे टाकलं तो बाद. आलेल्यांची नावं एव्हारिस्तो चर्चच्या पटांगणात माइकवरून वाचतो आणि लोक टाळ्या वाजवतात. रस्त्यावरच्या गावांनाही झाडूचीच खूण. तो दारावरून गेला की फेरी संपली. मग टेबलं आत जातात, वाट दाखवायला रस्त्यावर भुशाने काढलेले बाण बायका झाडून टाकतात, गाई बाहेर सोडतात.

मी त्या पटांगणात सूप करते. कोबी-बटाट्याच्या सूपाचे मोठे हंडे माझ्या ताब्यात असतात, आणि वाडगा पुढे करायच्या पद्धतीवरून माणूस कसा आहे ते मला कळतं. एव्हारिस्तो वाडगा धरतो तो सत्कार स्वीकारावा तसा. एर्मेलिंदा गाडी लावून, दमलेल्यांना उतरवून, सगळ्यांच्या मागून यायची आणि म्हणायची, "ओर्तेन्सिया, खरवडून जे निघेल ते घाल."

एरवी ती सोमवारच्या बाजारात कोबीची रोपं विकते. आवाज असा की नदीच्या त्या काठावरचं गिऱ्हाईक या काठाला यावं. नवरा आबीलिओ पाथरवट, दिवसभरात दगडाशी जेवढं बोलतो तेवढंही माणसांशी बोलत नाही. या दोघांचं पंचवीसेक वर्षं कसं जमलं हे विचारू नका. ती बोलते, तो ऐकतो, झालं.

पण ती गाडी कशी चालवायची ते सांगायलाच हवं. शेजारच्या गावांच्या फेऱ्यांत झाडूवाला दमलेल्या माणसाच्या पाठीला गाडी चिकटवतो आणि वर हॉर्न मारतो. असा माणूस मला भेटला तर त्याला मी मीठ न घातलेलं सूप वाढीन. एर्मेलिंदा चांगली लांब राहायची, काच खाली करून गप्पा मारायची. सायकलीचा विषय काढायचीच नाही. कुणाचं वासरू विकायचंय, डुकराच्या मांडीला मीठ किती चोळायचं, असलं काहीतरी. 'बस आता गाडीत' असं तिने कधी कुणाला म्हटलं नाही. ज्याला बसायचं तो आपणहून बसायचा.

आणि कोण बसायचं हेही ठरलेलं होतं. कुस्तोदिओ. आमचा बेकरीवाला, आपल्याच मालावर प्रेम करणारा. दर वर्षी नवी टोपी घालून निघायचा आणि दर वर्षी सांता जुस्ताच्या चढावर गाडीत बसायचा. पुढची सीट त्याच्याच मापाची झाली होती. "कुस्तोदिओ, चढ काही पळून जात नाही," ती म्हणायची. "श्वास घे. मला कसली घाई? घरी गेले तर भांडी घासावी लागतील."

यंदा वसंतात मात्र तिने कॅफेत एव्हारिस्तोला गाठलं. तो तिचा धाकटा दीर.

"भाऊजी, यंदा माझं नाव लिहून घ्या. मी सायकलवर येणार."

एव्हारिस्तोने कॉफी खाली ठेवली. "वहिनी, तुम्ही? आणि झाडू कोण चालवणार?"

"तुमचा भाऊ."

"आबीलिओ? तो ट्रॅक्टर चालवताना गोगलगाई पुढे जातात!"

"मग बरंच झालं. झाडू हळूच चालवायचा असतो."

"बघा हं. चढावर गाडीत बसलात तर नाव वाचणार नाही. नातं घरी. नियम म्हणजे नियम."

"बसले तर वाचू नका. कोण म्हणतंय वाचा?"

कॅफेभर हशा पिकला. त्यात मीही हसले, कारण ती सहासष्टीला टेकलेली, आणि सायकल भाचीची, निळी, दोरीसारख्या बारीक टायरची. बाहेर आल्यावर तिने माझा दंड धरला.

"ओर्तेन्सिया, इतकी वर्षं मी हा नदीकाठ लोकांच्या ढुंगणांमागून बघितला. एकदा मला माझं नाव त्या माइकवरून ऐकायचंय. बास, एवढंच."

मग मी हसले नाही.

त्या दिवसापासून ती रोज पहाटे सायकल काढायची. आधी गिरणीपर्यंत, मग दगडी पुलापर्यंत. चढावर दोनदा पडली, गुडघे फोडून घेतले, आणि बाजारात विचारणाऱ्यांना रोपांच्या वाफ्यात घसरले म्हणून सांगत राहिली. कुणाचा विश्वास बसला नाही, पण तिच्या तोंडाला कोण लागणार?

फेरीच्या दिवशी पुढे काय घडलं ते मला नंतर कुस्तोदिओने सांगितलं, आणि उरलेलं आबीलिओच्या तोंडून काढून घ्यावं लागलं.

चढ सुरू झाला तेव्हा बाकीचे सगळे केव्हाच पुढे गेले होते. मागे उरली एर्मेलिंदा, तिच्या मागे कुस्तोदिओ, त्याच्या मागे झाडू. ती सीटवरून न उतरता, पाय जमिनीला न टेकवता देवळापर्यंत चढली. वर पोचून मागे वळून बघते तर कुस्तोदिओ खालच्या वळणावर कठड्याला धरून कळवळतोय. दोन्ही पोटऱ्यांत गोळे. आणि गाडीचा पत्ता नाही, कारण चढाखालच्या घरातल्यांनी आबीलिओला सूप प्यायला आत ओढून नेलं होतं. फेरीच्या दिवशी इथे दारावरून कुणाला उपाशी जाऊ देत नाहीत, आणि नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं, ते आबीलिओला जमत नाही.

पुढे नुसता उतार होता. तिने सायकल सोडून दिली असती तर आरामात पोचली असती. पण ती परत खाली आली. कुस्तोदिओला खांदा देऊन, सायकली ओढत देवळामागे चेस्टनटच्या झाडाखाली नेलं, तिथल्या गुरांच्या हौदात त्याचे पाय बुडवले आणि पोटऱ्या चोळत बसली. हौद रस्त्यावरून दिसत नाही.

"तू जा, एर्मेलिंदा," कुस्तोदिओ म्हणाला. "मला काय, गाडी येईलच. माझी सीट आहे तिच्यात."

"गप्प बस. यंदा सीटला सुट्टी दे."

तेवढ्यात आबीलिओ मिशी पुसत बाहेर आला. रस्ता रिकामा. त्याला वाटलं, दोघं चढून गेली. तो देवळावरून पुढे निघाला. पहिल्या वळणावर बायको दिसली नाही, दुसऱ्या वळणावर नाही, तशी त्याची छाती फुगली. 'पोरगी उडतेय!' असं तो गाडीत मोठ्याने म्हणाला, हे त्याने स्वतः कबूल केलंय. आणि तिला गाठायला त्याने जन्मात पहिल्यांदा गाडी पळवली.

डाव्या काठावरच्या गावांनी झाडू जाताना पाहिला. टेबलं आत गेली, बाण झाडले गेले, गोठे उघडले. आमच्याकडे खालच्या पुलावर झाडू दिसताच एव्हारिस्तोने फेरी संपल्याचं रॉकेट आकाशात सोडलं, बँड सुरू झाला आणि लोक माझ्या हंड्यांवर तुटून पडले. मी वाढत होते, तेवढ्यात एव्हारिस्तो गाडीपाशी जाऊन वाकून बघताना दिसला.

"काय रे आबीलिओ, वहिनी मागे आडवी झाली की काय?"

"आली ना ती? केव्हाच आली असेल."

"कोण आली? ती अजून आलेली नाही."

"कुस्तोदिओ?"

"तोही नाही."

आबीलिओचा चेहरा त्याच्या दगडांसारखा पांढरा पडला. तिचा फोन गाडीतच, तिच्या जाकिटाच्या खिशात वाजत होता, आणि कुस्तोदिओच्या खिशात फोन नसतो, पाव असतो. आणि सगळ्यांना कळलं की ती जिथे कुठे असेल तिथे झाडू तिला मागे टाकून आलाय.

तिकडे ती दोघं उताराला लागली, तर पहिल्याच गावात रस्ताभर गाई. एक बाई बाण झाडत होती. तिने कपाळाला हात लावला. "अगं बाई, एर्मेलिंदा! झाडू तर केव्हाच गेला!"

"झालं," कुस्तोदिओ म्हणाला. "माझ्यापायी तू बाद झालीस."

ती गाईंच्या मध्ये उभी राहून रडली. लपवलं नाही, सरळ रडली. मग बाहीने नाक पुसून म्हणाली, "पाय कसे आहेत ते सांग. चालतील? मग चल, निदान घरी तर पोचू."

पटांगणात आबीलिओ गाडीत चढून गाडी वळवत होता.

"कुठे निघालास?" एव्हारिस्तो ओरडला. "फेरी संपली!"

"झाडू शेवटच्या माणसाला ओलांडत नाही," आबीलिओ म्हणाला. "मी ओलांडलं. परत ठेवून येतो."

"काय ठेवून येतो?"

"झाडू."

त्याच्या तोंडून एका दमात एवढे शब्द आम्ही त्याच्या लग्नातही ऐकले नव्हते.

द्राक्षांच्या मांडवांपाशी आबीलिओला ती दोघं समोरून येताना दिसली. तो थांबला नाही, हाक मारली नाही. त्यांना जाऊ दिलं, गाडी वळवली आणि हळूच मागे लागला. एर्मेलिंदाने वळून बघितलंही नाही. "फार जवळ येऊ नकोस," ती नुसती ओरडली. "माणसाला पाठीवर इंजिन नको असतं!"

आणि मग जे झालं त्यासाठी मी या लोकांना त्यांचे बाकीचे सगळे अवगुण माफ करते. पुढच्या गावांनी बघितलं की झाडू मागे आहे. झाडू मागे, म्हणजे फेरी चालू. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. गाई परत आत हाकलल्या गेल्या, टेबलं पुन्हा बाहेर आली, मुठीमुठीने भुशाचे वाकडेतिकडे बाण पुन्हा काढले गेले. खालच्या पुलावर म्हातारे खुर्च्या घेऊन परत येऊन बसले.

एव्हारिस्तो माइक हातात धरून उभा होता. पुलावरून आधी कुस्तोदिओ आला, टोपी वाकडी, तोंड लाल. मग ती. मग बऱ्याच अंतरावर झाडू.

"कुस्तोदिओ, बेकरीवाला," एव्हारिस्तो म्हणाला. "आला."

मग त्याने माइक तोंडाशी नीट धरला.

"एर्मेलिंदा. आमची वहिनी. आली."

एवढ्या टाळ्या मी त्या पटांगणात कधी ऐकल्या नव्हत्या. बँडवाल्यांना काय वाजवावं सुचेना, तर ढोलवाला नुसताच बडवत सुटला. सायकलवरून उतरताच ती रस्त्याकडे वळून, डोळ्यांवर हात धरून, मागे कुणी राहिलंय का ते बघायला लागली.

आबीलिओने गाडीतून उतरून तिचा हात खाली केला. "कुणी नाही. तूच शेवटची."

ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हसली की रडली, मला कळलं नाही. मलाच धड दिसत नव्हतं.

मग ती वाडगा घेऊन माझ्यापुढे आली, तिच्यामागे कुस्तोदिओ. मी हंड्यात पळी घातली ती तळाला खणखणली. थेंब उरला नव्हता, सगळे जेवून बसले होते. मी चुलीत पुन्हा लाकडं सारली आणि कोबी चिरायला विळी मागितली, तर एव्हारिस्तोने कोट काढला आणि बटाटे सोलायला बसला. घरी जायची वेळ टळून गेली होती, सकाळी द्राक्षं तोडायची होती, पण ते सूप शिजेपर्यंत पटांगणातून एकही माणूस उठला नाही.