वाचल्याशिवाय सही नाही

रामहरी माळगे यांनी शाळेच्या कचेरीत छत्तीस वर्षं काढली, आणि न वाचता एकाही कागदावर सही केली नाही. हेडमास्तर दारात ताटकळले तरी हे आपले चष्मा पुसत बसायचे. अशा माणसाला म्हातारपणी सगळ्यांनी मिळून न वाचता मत द्यायला बसवलं, म्हणजे कर्मच की!

झालं असं. धाकटा भाऊ नंदू पंचवीस वर्षं जर्मनीत. त्याची मुलगी सृष्टी तिथंच जन्मली, तिथंच शिकली. आता कॉलेजकडून वर्षभर अमेरिकेला निघाली होती. न्यूयॉर्क, बोस्टन नाहीतर कॅन्सस, तिन्हींतली एक जागा शुक्रवारपर्यंत कळवायची. पोरगी कॅन्सससाठी अडून बसलेली, बाप न्यूयॉर्कसाठी. शेवटी नंदूनं सोलापूरला फोन लावला.

"आण्णा, तुमचा शब्द ती मोडणार न्हाय. न्यूयॉर्क म्हणून सांगा तेवढं."

घरची रीतच तशी. थोरला बोलला की विषय संपला. नंदू जर्मनीला गेला तोही वडील नको म्हणत असताना, आण्णांच्या शब्दावर.

ही बातमी शुक्रवार पेठेत फुटली आणि आण्णांचं डोकं उठलं. शेजारच्या धोंडप्पाचा जावई न्यू जर्सीत, म्हणून त्याचं मत न्यूयॉर्क. "येळंला डबा तरी पोचवंल की!" आण्णांच्या पत्नी मथुराबाईंनी बोस्टन धरलं, कारण भजनातल्या कस्तुराबाईंची नात तिथं. कॅन्ससला कुणाचं कुणीच नव्हतं, म्हणून कॅन्सस बाद.

"पोरगी शिकायला चाललीया का पाहुणचार झोडायला?" आण्णा कडाडले. "काय शिकणार ते इचारलं का कुणी?"

कुणीच विचारलं नव्हतं. त्यांनीही नव्हतं, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला. त्यांनी नंदूला फर्मावलं, "तिचा अर्ज पाठव."

"इंग्रजी हाय आण्णा, कशाला तरास?"

"मग छत्तीस वर्षं मी काय मोडी वाचत हुतो?"

नंदूनं दोन दिवस टाळलं. अर्ज आला तो थेट शुक्रवारी सकाळी. आण्णांनी झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला आणि डिक्शनरी घेऊन बसले. चौथ्या पानावर, ही जागा का निवडली, यापुढं सृष्टीनं लिहिलं होतं: माझ्या वडिलांच्या गावात, वळसंगला, ज्वारी पिकते. त्याबद्दल विचारलं की ते विषय बदलतात. कॅन्ससमध्ये ज्वारीवर संशोधन चालतं. मला ती शिकायची आहे.

आण्णांनी ते दोनदा वाचलं. मग नंदूचा राग आला, लई राग आला. त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. बापलेक शेजारी शेजारी बसले होते.

"सांगा आण्णा हिला," नंदू म्हणाला.

"सृष्टी, कॅन्सस."

"आण्णा!"

"काय आण्णा? तुझ्या येळंला माझा शब्द गोड लागला, आता कडू झाला व्हय?"

नंदू खाली बघत हळूच म्हणाला, "पण तितं आपलं कोण हाय?"

"जवारी हाय की."

सृष्टीनं बापाकडं पाहिलं. मग तिनं कॅन्ससचा अर्ज पाठवायचं बटण दाबलं.

फोन ठेवून आण्णांनी खिशातलं पेन काढलं आणि छापलेल्या अर्जाखाली, कुणी मागितली नसताना, तारीख घालून सही केली.