दोनदा थोपटलं की सोडायचं

रात्रभर झोप नाही, म्हणून अक्षर वाकडं आलंय. नवऱ्याने दाराला आतून कुलूप लावून किल्ली उशाखाली घेतली होती. बाळाला कुशीत घेऊन मी जागीच होते. पण सरोजताईंना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होतायत, गौरव अंकात लिहीन असं कबूल केलंय, तर लिहिते.

ताईंना मी पहिल्यांदा तालमीच्या हॉलवर बघितलं. नाटकाचे कपडे इस्त्री करायला गेले होते. ताई एक जुनं नाटक बसवत होत्या. मित्र कान भरतो, नवरा बायकोवर संशय घेतो, शेवटी तिचा गळा दाबतो. तरुणपणी त्या बायकोचं काम ताईच करायच्या. त्या दिवशी त्यांनी तिचं मरण करून दाखवलं. नुसत्या पलंगावर पडल्या, पण मी बघतच राहिले आणि इस्त्रीखाली शालू जळला.

ताई उठून म्हणाल्या, "अहो बाई, मरायचं मी होतं, शालूने नाही."

सगळे हसले. मला कामावरून काढलं नाही.

त्यांचा एक नियम आहे. गळा दाबताना बायकोने पलंगावर दोनदा थोपटलं, की नवऱ्याने हात सोडायचा. एकदा नवऱ्याचं काम करणाऱ्या नटाने उशिरा सोडला. ताई त्याला म्हणाल्या, "संशय नाटकातल्या नवऱ्याला आलाय, तुम्हाला नाही. आज घरी जा." एवढ्याशा बाई, पण काय तो दरारा!

नंतर त्यांनी माझ्या मानेवरचा वळ बघितला. "तुझ्या घरी थोपटलं तर कोण सोडतं गं?"

मी रडले. मी तालमीत परक्यांशी हसते, असं नवऱ्याचा मित्र त्याला सांगत असतो. ताईंनी माझ्या भावाचा नंबर घेतला आणि हॉलवरच्या नाटकाच्या कपड्यांच्या पेटीच्या झाकणाला आतून लिहून ठेवला. त्याला फोन करून सगळं सांगितलं, दोनदा थोपटण्याचा नियमसुद्धा. मग माझ्या बाळाला मांडीवर घेऊन उरलेली तालीम केली.

ताई, तुम्ही शंभर वर्षं जगा. गुडघे दुखू नयेत, आवाज असाच खणखणीत राहू दे.

गौरव अंकाचं काम बघणारे दादा हा कागद खिडकीतून न्यायला येतील. त्यांना तोंडाने सांगता येत नाही, नवऱ्याचा तो मित्र शेजारीच राहतो, त्याला ऐकू जाईल. माझा फोन नवऱ्याकडे आहे, आज तो बाहेरून कुलूप लावून गेलाय. संध्याकाळी दोघं मिळून मला जाब विचारणार आहेत. हे जे कुणी वाचतील, त्यांनी छापायचं नंतर बघावं. आधी हॉलवरच्या त्या पेटीचं झाकण उघडून माझ्या भावाला फोन करा. तो खडकवासल्याला असतो, इथे विश्रांतवाडीला यायला वेळ लागतो. एवढंच सांगा, बहिणीने दोनदा थोपटलंय.