दारातल्या बाई

साबळे बाईंचं नाव मी सगळ्यांत आधी घेतो, कारण मी आज जो काही आहे तो त्यांच्यामुळे आहे. हे वाक्य आमच्या गावच्या लोकांत मोठ्यानं म्हटलं तर अजूनही चार माणसं भांडायला उठतील, आणि त्यात पहिली माझी आई असेल. गावात त्यांना आडनावानं कोणी ओळखत नव्हतं. 'दारातली बाई' म्हणायचे. सकाळी शाळा भरायच्या वेळी त्या दुसरीच्या वर्गाच्या दारात उभ्या राहायच्या, एक हात आडवा चौकटीला लावून. आदल्या संध्याकाळी पोरानं काय वाचलं, ते त्याच्या घरच्या मोठ्या माणसानं सांगितल्याशिवाय तो हात खाली यायचा नाही.

भोकरदनहून राजूरकडं जाताना आत वळलं की आमचं गाव लागतं. बाई भोकरदनहून स्कूटीवर यायच्या. जूनमध्ये शाळा उघडली त्याच आठवड्यात त्यांनी दुसरीच्या पोरांचे आईबाप बोलावून घेतले. बाप्ये ओट्यावर बसले, बायका भिंतीला लागून उभ्या राहिल्या. बाई वर्गाच्या दारातच उभ्या होत्या, नमस्कारसुद्धा केला नाही. म्हणाल्या, "रोज दिवे लागले की पोरगं मोठ्यानं वाचणार. घरातलं एक माणूस समोर बसून ऐकणार, टीव्ही बंद करून. सकाळी तेच माणूस इथं येऊन मला सांगणार, काय ऐकलं ते."

मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, आमाला वाचता येत न्हाई."

"वाचायला कोणी सांगितलं? कान आहेत ना?"

माणसं चपापली. शिक्षकानं असं बोलायची आमच्याकडं पद्धत नव्हती. तेवढ्यात भिंतीकडून माझ्या आईचा आवाज आला. "पगार ह्या घेणार, आन पोरगं आमी शिकवायचं. मंग ह्या काय दाराला टेकू द्यायला आल्या का?"

बायका पदराआड हसल्या. बाईंनी आईकडं नीट बघून घेतलं. "कोणाच्या आई तुम्ही?"

"सोपानची."

"बरं. उद्या पहिल्या तुम्ही."

भांडण तिथून सुरू झालं. दोघींपैकी एकीनंही ते कधी संपवलं नाही.

घरच्या लोकांनी अभ्यासाला हात लावायचा नाही, हा बाईंचा दुसरा हट्ट. ऐकायचं तेवढं ऐका, पेन्सिल धरायची नाही. वहीत खाडाखोड असली, मात्रा उलट्या दिसल्या की बाई त्यातल्या त्यात खूश असायच्या. त्यांचं म्हणणं असं, "चुकलेलं मला आणून द्या. बरोबर मला येतं." वरच्या आळीतल्या अण्णांचा मुलगा आमच्या वर्गात होता. अण्णा म्हणजे गावातले मोठे बागायतदार. त्या मुलाची वही एक दिवस छापल्यासारखी आली. त्याचा कॉलेजात जाणारा चुलतभाऊ सुट्टीवर आला होता, त्यानं लिहून दिली होती. बाईंनी त्या चुलतभावालाच बोलावणं पाठवलं. तो आला तेव्हा सगळ्या वर्गासमोर वही त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "अक्षर छान आहे. दुसरीत नाव घालू का तुझं?"

संध्याकाळी अण्णांची बुलेट शाळेसमोर उभी राहिली. "बाई, तुमची बदली करायला मला एक फोन लागतो," अण्णा म्हणाले. बाई कुलूप लावत होत्या. "करा. पण वही पोरालाच लिहू द्या," असं म्हणून त्यांनी स्कूटीला किक मारली. स्कूटी चार पावलं गेली आणि थांबली. कोणीतरी हवा सोडून ठेवली होती. बाईंनी स्कूटी गावाबाहेरपर्यंत ढकलत नेली. एकही माणूस मदतीला उठला नाही, आणि त्यांनीही मागं वळून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सीटखाली हवा भरायचा पंप यायला लागला. त्यानंतर हवा किती वेळा सुटली कोणास ठाऊक. शाळा सुटल्यावर पदर खोचून पंप मारणाऱ्या बाई आम्हाला रोजच्याच झाल्या.

मलाही त्या आवडत नव्हत्या, हे इथं सांगितलं पाहिजे. शाबास हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही. दारात आई अडखळली आणि मी हळूच पुढचा शब्द सांगितला की त्यांचा आवाज यायचा, "तू गप. तुला विचारलं का?" सगळ्या गावासमोर आपल्या आईला कोणी असं उभं करतंय, हे मला सहन व्हायचं नाही.

आणि आईला तर वेळच नसायचा. वडील जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये होते, पहाटेच्या टेम्पोनं जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. आई दुसऱ्याच्या रानात रोजानं खुरपायला, कापूस वेचायला जायची. बायकांना न्यायचा टेम्पो शाळा भरायच्या सुमारासच मारुतीच्या पारापासून निघायचा. आई दारात उभी, आणि तिकडून ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. आई एका दमात बोलायची, "राजाच्या मिशाला मुंगळा चावला, राजा बोंबलला, वैद्य आला, झालं. सोडा जल्दी."

"वैद्यानं काय केलं?"

"मिशी कापली."

"मिशी कापली का मुंगळा काढला?"

आई दात खाऊन माझ्याकडं बघायची. मी बाईंच्या हाताकडं बघायचो. "मुंगळा काढला, माय," आई म्हणायची आणि हात खाली यायच्या आत वळून पळत सुटायची. वाटेत ती बाईंना काय काय म्हणायची, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी त्याचा राग माझ्यावर निघायचा. चुलीपुढं भाकरी थापत ती ऐकायची. "थांब. वैद्य कुठून आला? नीट सांग. उद्या ती सटवी इचारंल मला." मग मी परत वाचायचो. तिला समजेपर्यंत वाचावं लागायचं, आणि तिला समजेल असं वाचायचं तर आधी मला समजावं लागायचं. माझं शिक्षण कुठं झालं असं कोणी विचारलं, तर मी कॉलेजचं नाव सांगतो. खरं तर ते त्या चुलीपुढं झालं, बाईंच्या भीतीनं.

कापसाची वेचणी जोरात होती तेव्हाची गोष्ट. त्या संध्याकाळी धडा होता 'मुंगीचं गाव'. आई दिवसभर वाकून आली होती. मी वाचत राहिलो आणि ती भिंतीला टेकून झोपून गेली. सकाळी दारात बाईंनी विचारलं तेव्हा आई म्हणाली, "वाचलं त्यानं. बैलाचं व्हतं."

"बैलाचं नव्हतं. आत या, बसा. सोपान, परत वाच."

आईला त्यांनी वर्गात खाली बसवलं, पोरांच्या रांगेत. मी वाचायला लागलो. बाहेर हॉर्न वाजला, परत वाजला, मग टेम्पो गेल्याचा आवाज आला. आईनं तो आवाज संपेपर्यंत ऐकला. माझं वाचून झालं तेव्हा बाई म्हणाल्या, "हं. सांगा आता."

आई उठली. "ऐकलं म्या. सगळं ऐकलं. पन सांगत न्हाई."

"का?"

"माझा रोज बुडाला. तुमचा बुडाला का?"

आई त्यांच्या अंगावरून निघून गेली. वर्गात कोणी हसलं नाही. बाईंनी फळ्याकडं तोंड केलं आणि एवढंच म्हणाल्या, "एक धडा बाकी राहिला."

त्या रात्री वडिलांनी घरात स्पष्ट सांगितलं. "रोज बुडवून शाळा करायची असंल तर बिलकुल नको. दिवाळी झाली की मामा मेंढरं घेऊन गोदाकाठाला निघून राह्यला. त्याला कोकरं सांभाळायला पोरगं पायजेच. सोप्याला धाडून दे." माझे आजोबा जन्मभर मेंढरांमागं हिंडले होते, मामा अजून हिंडत होता. घरात कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. आईनं भाकरीचं पीठ तसंच ठेवलं आणि म्हणाली, "आदी त्या बाईला गावातून काढते. मंग तुमी पोराचं बघा."

बाई गेल्या तर शाळा राहील, बाई राहिल्या तर मी मामाबरोबर जाईन, असा तिचा हिशेब होता.

गावात तक्रारीचा अर्ज आधीच फिरत होता. अण्णांनी लिहून घेतला होता, त्यावर सह्या होत्या, अंगठे होते. एरवी वरची आळी आणि आमची वस्ती एका सतरंजीवर बसत नसे. बाईंच्या विरोधात बसली. दिवाळीच्या सुट्टीआधी शिक्षण खात्याचे केंद्रप्रमुख साहेब चौकशीला आले आणि शाळेत सभा भरली. वडिलांना सुट्टी होती, तेही आले. साहेबांनी विचारलं, "त्रास काय आहे नेमका? कोणी सांगेल का?" अण्णा घसा साफ करत होते तोवर आई उभी राहिली.

"मी सांगते साहेब. आसं बघा. पयल्या दिशी मला उभं केलं कावळ्याच्या घरापायी. कावळ्यानं काड्या चोरल्या, चिमणीनं परत मागितल्या, त्यो म्हने पाऊस संपू दे. मंग त्या आंधळ्या सुतारापायी. त्येनं हातानं चाचपून दार केलं, ते राजाच्या दारापरीस बराबर बसलं. मंग लिंबाच्या झाडाला ताप आला. ताप झाडाला, आन उभं मला केलं." माणसं हसायला लागली. आई थांबायला तयार नव्हती. चिखलात रुतलेली गाडी, पाऊस मोजणारा बेडूक, राजाच्या मिशा, प्रत्येक धडा ती मुळापासून शेवटापर्यंत सांगत गेली, आणि प्रत्येकाच्या शेवटी, "म्हून मला उभं केलं," असं म्हणत गेली. हळूहळू हसणं थांबलं. साहेबांनी टेबलावरचं दुसरीचं पुस्तक उघडलं आणि बोट ठेवून पानं उलटायला लागले. ओट्यावर बसलेले वडील आईकडं असे बघत होते, जणू ती परक्या गावची बाई आहे.

आई दमून थांबली. "हा त्रास हाय साहेब," ती म्हणाली.

साहेबांनी पुस्तक मिटलं. सगळे बाईंकडं बघायला लागले. आता तरी ही बाई हसेल, दोन गोड शब्द बोलेल, असं मला वाटलं. बाई म्हणाल्या, "मुंगी राहिली."

"ती मी कधीच सांगणार न्हाई!" आई ओरडली आणि सभेतून निघून गेली.

घरी आल्यावर वडील चप्पल काढता काढता म्हणाले, "मामाला निरोप दे. दुसरं पोरगं बघ म्हनावं." दारापर्यंत जाऊन परत वळले. "येवढं डोकं व्हतं तर तुझ्या बापानं तुलाच शाळेत घालायला पायजे व्हतं." आईनं रागानं तवा आपटला. तो राग कोणावर होता ते मला अजून नक्की सांगता येत नाही.

अर्जाचं पुढं काही झालं नाही. त्या वर्षी आई रोज दारात गेली. मुंगीचं बाईंनी परत विचारलं नाही, आईनं सांगितलं नाही. अण्णांचा फोन शेवटी लागलाच. उन्हाळ्यात बाईंची बदली झाली, लांब, परतूर तालुक्यात. निरोप समारंभ वगैरे झाला नाही. बाई सीटखालचा पंप मात्र शाळेच्या खिडकीत ठेवून गेल्या. पुढच्या वर्षी आलेले गुरुजी मोटारसायकलवर यायचे आणि सगळ्यांशी गोड बोलायचे. दारात कोणी उभं राहायचं नाही. तरी आमच्या घरी दिवे लागले की आई विचारायची, "काय वाचलं?" बारावीपर्यंत विचारत राहिली, आणि मी बी.एस्सी.ला होतो तेव्हा सुट्टीत घरी आलो की बियाणं कसं उगवतं ते तिला चुलीपुढं समजावून सांगायचो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. आज जालन्यात एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे, आईवडील माझ्याजवळच असतात.

यंदा माझी मुलगी दुसरीत गेली. तिच्या शाळेच्या सूचना मोबाईलवर येतात. प्रकल्प पालकांनी सुबक तयार करून द्यावा, वहीत खाडाखोड नसावी, वगैरे. परवा माझी बायको थर्माकोल कापत बसली होती आणि मुलगी बाजूला टीव्ही बघत होती. मला साबळे बाईंची एवढी आठवण आली की ओळखीच्या एका शिक्षकाकडून मी त्यांचा पत्ता मिळवला. त्या निवृत्त होऊन भोकरदनलाच राहतात. त्यांना मी जे पत्र पाठवलं ते असं :

आदरणीय साबळे बाई,

सा. न. वि. वि.

मी सोपान. तुम्ही मला विसरला असाल, माझ्या आईला विसरला नसाल. मी शिकलो, नोकरीला आहे. तुमचे उपकार मानायला हे पत्र लिहीत आहे, आणि ते मानायला इतकी वर्षं लावली याची मला लाज वाटते. माझी मुलगी आता रोज संध्याकाळी माझ्या आईसमोर बसून वाचते. आई तिला म्हणते, "थांब, नीट सांग."

हे पत्र मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, उपकार तुझे तू मान, माझं वेगळं लिही. पुढचं तिनं सांगितलं तसं लिहीत आहे.

"बाई, तुमच्यावरचा माझा राग गेलेला न्हाई. पन बाकी ठेवायची मला सवय न्हाई. मुंगीचं ऐका. एक बाई रानातून गवताचा भारा घेऊन घरी आली. भाऱ्यात एक मुंगी आल्ती. मुंगी रडाया लागली, म्हने माझं गाव तिकडंच राह्यलं. त्या बाईनं भारा परत डोक्यावर घेतला, रानात गेली, आन मुंगीला तिच्या बिळापाशी सोडून आली. येवढाच धडा हाय. त्या बाईचा त्या दिशीचा रोज बुडाला का न्हाई, ते धड्यात कुठंच न्हाई. म्या तवाच ऐकलं व्हतं, त्यात रोजाचं न्हाई लिव्हलेलं. ते आता तुमी सांगा."