पिशव्यांपाशी बसलेली आई

बागेतल्या बाकावर माझी आई बसली आहे. आज तिचा पंचाहत्तरावा वाढदिवस. सकाळच्या औक्षणाच्या अक्षता अजून तिच्या केसांत आहेत. मांडीवर सगळ्यांच्या पिशव्या आणि पायाशी नातवंडांच्या चपला आहेत.

ही बाग भावाने निवडली. "मुलं रमतील असं ठिकाण बघू. मुलं खूश, की आई खूश," तो म्हणाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. आजीचा आनंद आपण असा परस्पर ठरवून टाकतो. जणू तिला स्वतःची हौसच नसते, असतात ती फक्त नातवंडं. केकसुद्धा चॉकलेटचा आणला, तिला तो आवडत नाही हे माहीत असून.

समोर आकाशपाळणा फिरतोय. आई मान वर करून त्याच्याकडेच बघतेय.

"आई, तुला कुठे जायचं होतं गं आज?"

"इथे बरंय की," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "त्या पाळण्यात बसावंसं वाटतंय. पण पिशव्यांपाशी कुणीतरी हवं ना."

मी सगळ्या पिशव्या उचलल्या आणि मोबाइल बघत बसलेल्या भावाच्या मांडीवर नेऊन आदळल्या. वळून पाहिलं, तर आईने पदर खोचला होता.