दारापेक्षा मोठी कणगी

माझं माहेर यवतमाळ शहरातलं, घरात सगळे ऑफिसात जाणारे. लग्न होऊन घाटंजीकडच्या शेतकरी घरात आले आणि दिसेल त्या गोष्टीबद्दल 'हे असं का?' विचारत सुटले. सासूबाई कधी सांगायच्या, कधी नुसत्या हसायच्या.

एका पावसाळ्यात प्लास्टिकच्या ड्रममधल्या तुरीला कुबट वास यायला लागला. सासूबाई म्हणाल्या, आता बांबूची कणगीच करू. बांबूचं बेट तर आमच्याच बांधावर होतं. मी लगेच विळा शोधायला निघाले.

"आत्ता नाही," त्या म्हणाल्या. "पावसाळ्यातला बांबू गोड असते, त्याले भुंगा लागते. थंडी पडू दे."

बांबू गोड असतो? मी गुपचूप एक कोवळा तुकडा चावून पाहिला. तोंड तुरट झालं, बाकी काही कळलं नाही.

थंडी पडल्यावर जवळच्या पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, टोपल्या विणणारी एक बाई आली. नवऱ्याशी ती कोलामीत बोलायची, आमच्याशी वऱ्हाडीत. नवरा बांबू चिरून कामट्या काढायचा आणि ती अंगणात बसून विणायची. दोन कामट्या खालून, एक वरून, एवढं मला दिसायचं. पण तळ संपून भिंत कुठे सुरू झाली ते शेजारी बसूनही माझ्या नजरेतून निसटलं. सासूबाई येता-जाता सांगायच्या, "अजून थोडी फुगव वं, तूर लय होणार हाये यंदा." ती फुगवत गेली.

कणगी उभी राहिली तेव्हा तिच्यात दोन माणसं मावली असती. सगळ्यांनी उचलून ती घराच्या दाराशी नेली. तिथेच अडकली.

मग विणणारी बाई खाली बसून पोट धरून हसायला लागली.

"हसून काय राह्यली?" सासूबाई चिडल्या. "दार नाही पाह्यलं का तू?"

"मी कणगी पाहून राह्यली होती, माय. दार तुमचं हाये."

माझ्या नवऱ्याने चौकट काढायची तयारी दाखवली. सासूबाईंनी ते धुडकावलं. मी विचारलं, "बांबू अजून ओला आहे ना? दाबून चपटी नाही करता येणार?"

बाईने नवऱ्याकडे पाहिलं. दोघं बराच वेळ कोलामीत बोलत राहिली. "मोडन बी," ती शेवटी म्हणाली, "पण पाहू."

तिने वरचा बांधलेला काठ सोडला. आम्ही घागरींनी पाणी ओतून कणगी भिजवली, तिच्याभोवती दोर गुंडाळले आणि दोन्ही बाजूंनी आवळत गेलो. गोल कणगी हळूहळू चपट्या डब्यासारखी लांबट झाली. दारातून सरकवताना कडाड आवाज झाला. सासूबाईंनी डोळेच मिटले. मोडली होती ती दाराची जुनी कडी.

आत नेऊन दोर सोडले. मला वाटलं, कणगी तशीच वेडीवाकडी राहणार. पण ती कुरकुरत, थांबत थांबत पुन्हा फुगू लागली, जणू आत कोणी श्वास घेतंय. आम्ही सगळे उभे राहून पाहत होतो. एका बाजूला जराशी कललेली राहिली, एवढंच. मग बाईने काठ परत बांधला आणि सासूबाईंनी शेणमातीने लिंपायला घेतलं. शिमग्याच्या आधी तूर तिच्यात गेली, वर कडुनिंबाचा पाला. पुढच्या पावसाळ्यात वरण शिजलं तेव्हा मी आधी वास घेऊन पाहिला. छान होता.

त्यानंतर मी अधूनमधून पोडावर जाऊन त्या बाईजवळ विणायला बसते. माझी पहिली वस्तू तिने हातात घेऊन सगळीकडून फिरवून पाहिली.

"हे काय होय वो, ताई?"

टोपली करायला बसले होते. पण आता सूप म्हणावं की झाकण, माझंही ठरत नव्हतं.