सकाळी अ‍ॅसिड, संध्याकाळी सोडा

त्यांना सगळे थापीमामा म्हणत. ते मूळचे गवंडी. क्लबचा पोहण्याचा तलाव बांधला तेव्हा आतला गिलावा त्यांनी स्वतः केला होता. पांढरं सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि सलग अठरा तास थापी. मध्ये थांबलं तर सांधा दिसतो, म्हणून ते जेवलेही नव्हते. काम बघून क्लबनं तलावाची देखभालही त्यांच्याकडेच दिली. त्याला अकरा वर्षं झाली.

मी तिथं प्रवेशाच्या खिडकीत बसायचे. साहित्यात एम. ए. केल्यावर दुसरं काही मिळालं नव्हतं. मामा मला पंडितबाई म्हणायचे.

रोज सकाळी ते काचेच्या नळीत तलावाचं पाणी घ्यायचे. त्यात पाच थेंब टाकायचे आणि नळी उजेडाकडे धरायचे.

"बघ. पीएच आठ पूर्णांक दोन."

"काल किती होता?"

"काल सकाळी साडेसातावर आणला होता. रोज आणतो. रोज ये रे माझ्या मागल्या."

मग ते अ‍ॅसिडचा कॅन उचलायचे.

दोन वर्षांपूर्वी क्लबनं मिठाचं मशीन बसवलं होतं. पाण्यात मीठ असलं की मशीन त्यातूनच क्लोरीन तयार करतं. पावडरीचे डबे बंद झाले. पण तेव्हापासून पाण्याचा पीएच चढायला लागला. तो चढला की पाणी धुरकट होतं, भिंतीवर पांढरी खपली धरते. अ‍ॅसिड टाकलं की उतरतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर.

त्यात उथळ बाजूचा गिलावा खरखरीत झाला. मुलांचे तळपाय सोलवटायला लागले. एका आईनं मुलाचा पाय सेक्रेटरींच्या टेबलावरच ठेवला. सेक्रेटरी तलावापाशी आले, बूट न काढता वाकले आणि म्हणाले, "गिलावाच कच्चा आहे. फोडून टाइल्स लावू. सोमवारी मीटिंगमध्ये घेतो."

ते गेल्यावर मामांचा तोल सुटला.

"कच्चा? माझा गिलावा? कच्चं याचं डोकं! अठरा तास उकिडवा बसलोय मी. गुडघे अजून कुरकुरतात."

मामी डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी मामांच्या शर्टाची बाही मला दाखवली. तिच्यावर भोकंच भोकं होती.

"अ‍ॅसिडनं शर्टाची चाळण झाली, बाई. मग भिंतीचं काय होत असेल?"

"तू डबा ठेव," मामा म्हणाले. "तलावातलं तुला काय कळतंय?"

"शर्टातलं कळतं."

त्या दुपारी मी मशीनचं माहितीपुस्तक मागितलं. ते कपाटाच्या वर होतं, अजून प्लास्टिकच्या पिशवीत.

"त्यात काय गोष्टी असणार?" मामा म्हणाले.

गोष्टी नव्हत्या. तेविसाव्या पानावर एक चौकट होती. मी ती तीनदा वाचली. मग मशीनच्या खोलीत गेले. भिंतीवर मामांच्या हातचा तक्ता होता, ऑइलपेंटनं लिहिलेला. पीएच साडेसात. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातला क्षार, शंभर ते एकशेवीस.

"मामा, संध्याकाळी खायचा सोडा का टाकता?"

"अ‍ॅसिडनं पीएच उतरतो, पण अल्कलिनिटीही पडते. तक्त्यात शंभर आहे. म्हणून सोडा टाकून पुन्हा वर आणायची."

"तक्ता कधीचा?"

"पहिल्या वर्षीचा. पावडर टाकायचो तेव्हाचा."

मी चौकट वाचून दाखवली. मिठाच्या तलावात अल्कलिनिटी साठ ते ऐंशीच ठेवावी. त्याहून जास्त असेल तर पीएच सतत वर चढतो.

मामांनी तक्त्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे सोडा टाकून मीच चढवायचा आणि अ‍ॅसिड टाकून मीच उतरवायचा?"

"त्याच पानावर आणखी एक आहे. अ‍ॅसिड पाण्यात मिसळून, खोल बाजूला टाकावं. तुम्ही कुठं ओतता?"

"उथळ बाजूला, पायऱ्यांपाशी. मशीनच्या खोलीतून जवळ पडतं." त्यांचा आवाज खाली आला. "तसंच. कॅनमधून."

ते चपला घालूनच पायऱ्या उतरले. कमरेपर्यंत पाण्यात गेले आणि भिंतीवरून हात फिरवत राहिले.

"आजार म्हशीला आणि औषध पखालीला," ते म्हणाले. "दोन वर्षं. रोज."



त्यांनी सोडा त्याच संध्याकाळी बंद केला. अ‍ॅसिड बादलीत पातळ करून खोल बाजूला टाकायला लागले. गुरुवारी निम्मं लागलं. शनिवारी पाव. रविवारी लागलंच नाही. मामांना आनंद झाला नाही. नळीकडे बघून ते चिडत होते.

"इतकं सोपं? इतकं सोपं होतं हे?"

मी त्यांना म्हटलं, मीटिंगमध्ये गप्प बसा. अ‍ॅसिडची चूक सांगू नका; गिलावा कच्चा ठरला तर निदान नोकरी राहील. मामी तर हात जोडून म्हणाल्या, "अहो, एकदा तरी तोंड मिटून बसा."

सोमवारी मामा उभे राहिले. मी इतिवृत्त लिहायला कोपऱ्यात होते.

"गिलावा पक्का आहे," ते म्हणाले. "वरचा पापुद्रा गेलाय, तो माझ्या चुकीनं. घासून वरून एक हात दिला की पंधरा वर्षं बघायला नको. मला काढायचं तर काढा. त्याला फोडू नका."

मला वाटलं, आता कोणीतरी काहीतरी विचारेल. सेक्रेटरी टाइल्सचा कॅटलॉग चाळत होते.

"अहो मामा, तुम्हाला कोण काढतंय? पाणी स्वच्छ दिसतंय की आता. छान. बरं, मंडळी, गडद निळा की फिरोजी?"

"साहेब, मी म्हणतोय चूक माझी—"

"हो हो, ऐकलं. फिरोजीत पाणी उथळ वाटतं, नाही का?"

तीन मिनिटांत ठरलं. सेक्रेटरींनी मला मजकूर सांगितला : जुना गिलावा निकृष्ट असल्यामुळे. माझं पेन थांबलं.

"लिहा ना," ते म्हणाले.

मी लिहिलं. मामा माझ्याकडे बघत होते.

तलाव रिकामा केला. फोडणारा माणूस ब्रेकर घेऊन आला आणि एका दिवसात मोकळं करून देतो म्हणाला. तिसऱ्या दिवशीही तो तळातच होता. मामा काठावर उभे होते, हात मागे बांधून. मी शेजारी.

त्यानं ब्रेकर बंद केला आणि तोंडावरची धूळ पुसली.

"कुणी केलाय हो हा गिलावा? वरून खडबडीत, आत नुसतं लोखंड. माझ्या ब्रेकरची दोन टोकं बोथट झाली."

"मी," मामा म्हणाले.

"मग शिव्या तुम्हालाच घालायच्या की काय?"

"घाल ना. पण मोठ्यानं घाल. सेक्रेटरींच्या खोलीपर्यंत जाऊ दे."